विसावलेल्या प्रथिनाचं चित्र

प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या जगभरातल्या संग्रहात, २एचवायवाय हा संकेतांक टाकला की पडद्यावर माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन उघडतं. त्याचं नाव एबल कायनेज. त्याचे दोन भाग नवख्यालाही ओळखू येतात. वरचा लहान, त्यात पाच चपट्या पट्ट्या आणि एक सर्पिल. खालचा मोठा, जवळजवळ सगळा सर्पिलांचाच. दोघांना जोडणारा धागा अगदी आखूड, त्याला बिजागरी म्हणतात. या दोन भागांमधल्या फटीत एक लांबट रेणू आरपार पसरून बसलेला असतो. तो इमॅटिनिब, म्हणजे ग्लिवेक या नावाने बाजारात आलेलं आणि रक्ताच्या एका कर्करोगाचं भवितव्य पालटून टाकणारं औषध.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी वर्गात या चित्रापाशी मनसोक्त रेंगाळते. मुलं येतात तेव्हा त्यांच्या मनात एक पक्की समजूत असते. शास्त्रज्ञ आधी प्रथिनाचा आकार पाहतात आणि मग त्यात नेमका बसेल असा रेणू घडवतात, अशी ती समजूत. इमॅटिनिबची हकीकत वेगळी आहे. औषध आधी आलं, माणसं त्याने उठून बसली, आणि ते प्रथिनाला नेमकं कुठे नि कसं धरतं हे त्यानंतर दिसलं. दिसलं तेव्हा कळलं की ज्या आकारातल्या प्रथिनाला ते पकडतं, तो आकार डोळ्यांसमोर ठेवून ते कुणीही घडवलेलं नव्हतं. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

कायनेजचं काम सांगायला सोपं आहे. पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो, त्याच्या टोकाचा एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर लावायचा, एवढंच. पण फॉस्फेट लागला की त्या दुसऱ्या प्रथिनाचं वागणं बदलतं. ते जागं होतं किंवा थांबतं, पेशीतली आपली जागा सोडतं, नव्या सोबत्याला जाऊन चिकटतं. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी सिएटलमध्ये १९५०च्या दशकात ही किमया स्नायूंतल्या एका विकरावर पाहिली, आणि १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं. आज माणसाच्या जनुकसंचात पाचशेहून जास्त कायनेजं मोजली गेली आहेत. वाढ, विभाजन, साखरेचा हिशेब, जखम भरणं, यांतलं काहीही घ्या, वाटेत कुठेतरी एक कायनेज उभं असतंच.

प्रथिनाची साखळी अमिनो आम्लांच्या मण्यांची असते, टायरोसिन हा त्यांतला एक मणी. एबल हे टायरोसिनवर फॉस्फेट लावणाऱ्या कायनेजांच्या गटातलं. असा गट असतो हेही उशिराच कळलं. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर फॉस्फेट लागलेली अमिनो आम्लं वेगळी करत होते. त्यांनी वापरलेलं द्रावण जुनं होतं, पुन्हापुन्हा वापरून त्याची आम्लता वाढलेली होती. ताज्या द्रावणात दोन आम्लांचे ठिपके एकावर एक पडले असते. जुन्यात ते वेगळे झाले आणि टायरोसिनचा ठिपका प्रथमच स्वतंत्र दिसला.

आजाराची गोष्ट याच्याही आधीची. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे सीएमएलच्या, रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. नोवेल यांनी काचपट्टीवरच्या पेशी नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. त्यामुळे त्या फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी होऊन मोजता आली. आखूड गुणसूत्राचा हरवलेला तुकडा गेला कुठे, याचं उत्तर शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दिलं. गुणसूत्रांच्या फोटोंचे कापलेले तुकडे त्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडून जुळवत बसत. नववं आणि बाविसावं गुणसूत्र आपापली टोकं अदलाबदल करतात, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. या अदलाबदलीत नवव्यावरचं एबलचं जनुक बाविसाव्यावरच्या बीसीआर या जनुकाला जोडलं जातं, आणि पेशी दोघांचं मिळून एक जोडप्रथिन बनवू लागते. साधं एबल बहुतेक वेळ गप्प असतं. बीसीआर-एबल गप्प बसत नाही. ते फॉस्फेट लावत सुटतं आणि पांढऱ्या पेशी वाढत राहतात.

माझ्या आत्याला सीएमएल आहे. रात्रीच्या जेवणानंतर ती ४०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर घेते आणि मग भांडी आवरायला लागते. ही गोळी आत जाऊन करते तरी काय, असं तिने विचारलं तेव्हा मी तिला लॅपटॉपवर हेच चित्र दाखवलं. चष्मा लावून तिने ते बराच वेळ पाहिलं. मी बटण दाबून प्रथिन फिरवत होते.

"एवढंसं आहे की गं," ती म्हणाली, "आणि जाऊन बसलंय ते अगदी मधोमध." मग थोडं थांबून तिने विचारलं, "पण हे एबल माझ्या चांगल्या पेशींतही असेलच ना? तिथे नाही बसत?"

बसतं, आत्या. तिथेही बसतं. पण चांगल्या पेशीचं जगणं एकट्या एबलवर टांगलेलं नसतं, तिच्याकडे दुसऱ्या वाटा असतात. बिघडलेल्या पेशीने मात्र आपला सगळा भार बीसीआर-एबलवर टाकलेला असतो, म्हणून ते थांबलं की ती टिकत नाही. आत्याने विचारलेला प्रश्न खरं तर या औषधाच्या काळातल्या मोठमोठ्या लोकांनी विचारलेलाच होता. त्यांचा प्रश्न याच्याही एक पायरी पुढचा होता.

ते म्हणत होते की एबलचं जाऊ द्या, बाकीच्या शेकडो कायनेजांचं काय? प्रत्येकाच्या फटीत एटीपी बसतो. एटीपी सगळीकडे तोच, त्यामुळे त्याची बसायची जागाही सगळ्यांत जवळजवळ तीच. त्या जागेत शिरणारं औषध सगळ्यांनाच बंद करणार. शिवाय पेशीत एटीपी भरपूर असतो, त्याच्याशी स्पर्धा करून औषध जागा कशी मिळवणार? ही शंका पोकळ नव्हती. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूंपासून १९७७ मध्ये मिळालेलं स्टॉरोस्पोरिन हे कायनेजांना जबरदस्त रोखणारं द्रव्य तसंच निघालं. ते जवळपास दिसेल त्या कायनेजाला धरतं. १९९१ मध्ये सॅन डिएगोत सुझन टेलर यांच्या प्रयोगशाळेने पीकेए या कायनेजाची रचना पहिल्यांदा दाखवली. पुढे एकेक करून दुसऱ्या कायनेजांच्या रचना आल्या तेव्हा दिसलं की कामात असताना ही सगळी एकाच ठेवणीची असतात.

तरीही स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सीबा-गायगी कंपनीत, ॲलेक्स मॅटर, निकोलस लायडन, युर्ग झिमरमान, एलिझाबेथ बुखडुंगर या मंडळींनी काम चालू ठेवलं. त्यांचा सुरुवातीचा रेणू पीकेसी नावाच्या भलत्याच कायनेजासाठी होता. झिमरमान त्याला एकेक तुकडा जोडत गेले. एका बाजूला पिरिडिनचं वलय लावलं, तेव्हा जिवंत पेशींतला परिणाम वाढला. दुसऱ्या बाजूला बेंझामाइड लावलं, तेव्हा तो टायरोसिन कायनेजांना रोखू लागला. मग मधल्या वलयावर एक मिथाइल गट बसवला, आणि पीकेसीवरचा परिणाम गळून पडला, एबलवरचा राहिला. शेवटी पाण्यात विरघळावा म्हणून पायपरेझिनचं शेपूट लावलं. एबलच्या फटीचं चित्र यांच्यापैकी कुणाकडेही नव्हतं. रेणू बनवायचा, विकरांवर चाचणी घ्यायची, आकडे बघायचे, पुन्हा बनवायचा. या मेहनतीबद्दल मला फार आदर आहे, कारण अंधारात चाचपडतानाही त्यांनी प्रत्येक पाऊल मोजून टाकलं होतं.

अमेरिकेत पोर्टलंडला ब्रायन ड्रकर सीएमएलच्या पेशींवर हे रेणू तपासत होते. निरोगी पेशींना फारसं न दुखवता बिघडलेल्या पेशींना मारणारा हाच, हे त्यांनी १९९६ मध्ये दाखवलं. जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला औषध दिलं गेलं. ज्यांच्यावर आधीचे उपचार चालले नव्हते आणि ज्यांना दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा मिळाली, अशा आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. ज्या आजारात पूर्वी काही वर्षांचाच हिशेब मांडायचे, त्यात हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक १० वर्षांनंतर हयात होते.

चित्र आलं सप्टेंबर २०००मध्ये, म्हणजे रुग्णांना औषध मिळू लागल्यानंतर दोन वर्षांनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॉन कुरियन यांच्या गटाने, थॉमस शिंडलर आणि सहकाऱ्यांनी, उंदराच्या एबलचे स्फटिक वाढवले. त्यात पायपरेझिनचं शेपूट नसलेला इमॅटिनिबचा भाऊबंद बसवला होता. उंदराच्या आणि माणसाच्या एबलचा हा भाग जवळजवळ एकच आहे. दोन वर्षांनी भूषण नागर आणि सहकाऱ्यांनी पूर्ण इमॅटिनिबसह रचना दिली, आणि मी वर्गात दाखवते ती माणसाच्या एबलची त्यानंतरची.

आता फटीत डोकावू. एटीपी ज्या कोनाड्यात बसतो तिथे इमॅटिनिबचं फक्त एक टोक आहे. पिरिडिनचा नायट्रोजन बिजागरीवरच्या साखळीतल्या ३१८ क्रमांकाच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या कण्याला हायड्रोजन बंधाने धरतो. त्याच्या मागे ३१५ क्रमांकाचं थ्रिओनिन आहे, त्याच्याशी आणखी एक बंध. इथवर ठीक. पण रेणू इथे थांबत नाही. तो थ्रिओनिनच्या बाजूने सरकून आणखी आत, एटीपी कधी जात नाही अशा खोल पोकळीत शिरतो. ही पोकळी काम करणाऱ्या कायनेजात मुळी नसतेच. तिथे एक फेनिलअ‍ॅलनिन बसलेलं असतं.

कायनेजात एका ठिकाणी अस्पार्टेट, फेनिलअ‍ॅलनिन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्लं एकापाठोपाठ येतात. एबलमध्ये त्यांचे क्रमांक ३८१, ३८२, ३८३. प्रथिन कामात असताना अस्पार्टेट एटीपीकडे तोंड करून असतं, कारण फॉस्फेट पोचवायला तेच मदत करतं, आणि फेनिलअ‍ॅलनिन आतल्या पोकळीत पाठ टेकून बसतं. इमॅटिनिबबरोबरच्या चित्रात ही दोघं उलटलेली दिसतात. फेनिलअ‍ॅलनिन सुमारे १० अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकून एटीपीच्या जागेकडे आलं आहे आणि त्याने रिकामी केलेली पोकळी औषधाने घेतली आहे. तिथे २८६ क्रमांकाचं ग्लुटामेट आणि तेच ३८१चं अस्पार्टेट औषधाच्या अमाइडला दोन्ही बाजूंनी धरतात. शेपटाच्या पायपरेझिनलाही ३६० आणि ३६१च्या कण्याचा आधार आहे. वरच्या भागातली ग्लायसिनची घडी खाली वाकून रेणूवर आली आहे. आणि ज्या प्रथिनाला फॉस्फेट लावायचा त्या सावज-प्रथिनाला जी लांब साखळी उघडून जागा द्यायची, ती स्वतःच दुमडून त्या जागी पडली आहे. असं एबल कुणालाही फॉस्फेट लावू शकत नाही. ते विसावलेलं आहे, आणि इमॅटिनिबने त्याला त्याच अवस्थेत धरून ठेवलं आहे.

औताला जुंपलेले बैल लांबून सगळे सारखे वाटतात, कारण जू मानेवर असलं की मान, पाय आणि चाल कामाच्या हिशेबाने ठरते. जू उतरलं की मात्र एकेक बैल आपल्या तऱ्हेने बसतो. कायनेजांचंही असंच आहे. एटीपी धरायचा आणि फॉस्फेट द्यायचा तर सगळ्यांना एकाच ठेवणीत यावं लागतं. विसाव्याला असं बंधन नाही, तिथे प्रत्येकाची घडण वेगळी उमटते. बाझलच्या मंडळींना जी निवड साधली तिचं मूळ इथे होतं. पीकेसीवरचा परिणाम घालवणारा तो एकुलता मिथाइल गट रेणूला अशा वळणात ठेवतो की विसावलेल्या एबलमध्ये तो सहज जातो. त्यांनी हे ठरवून केलेलं नव्हतं. प्रयोगाच्या आकड्यांनी त्यांना तिथवर नेलं.

अर्थात इमॅटिनिब फक्त एबललाच धरतं असंही नाही. किट आणि पीडीजीएफ रिसेप्टर या दुसऱ्या टायरोसिन कायनेजांनाही ते धरतं, म्हणून पोटातल्या एका वेगळ्या गाठीवरही ते चालतं.

चित्राबद्दल एक गोष्ट मी मुलांना बजावून सांगते. हा फोटो नव्हे. स्फटिकावर क्ष-किरण पाडले, ते विखुरले, त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून इलेक्ट्रॉनांचा ढग कुठे दाट आहे याचा नकाशा काढला, आणि त्या ढगात माणसांनी अणू बसवले. २एचवायवायची स्पष्टता २.४ अँगस्ट्रॉम आहे. एवढ्या स्पष्टतेत हायड्रोजन दिसत नाहीत. वर मी जे हायड्रोजन बंध सांगितले ते दोन अणूंमधल्या अंतरावरून आणि दिशेवरून ठरवलेले आहेत. आणि स्फटिकातलं प्रथिन गोठलेलं असतं. पेशीत ते सतत हलतं.

हे हलणं किती महत्त्वाचं, ते सार्क या दुसऱ्या कायनेजावरून कळतं. सार्क आणि एबल जवळचे नातेवाईक. इमॅटिनिबला स्पर्श करणारी अमिनो आम्लं दोघांत जवळपास सारखीच. सार्कही त्याच विसावलेल्या अवस्थेत इमॅटिनिबबरोबर स्फटिकात सापडलं आहे, आणि ते चित्र एबलच्या चित्रावर ठेवलं तर छान जुळतं. तरी सार्कवरची इमॅटिनिबची पकड एबलपेक्षा हजारपटींहून कमजोर. दोन चित्रं सारखी, आणि वागणं इतकं वेगळं! ब्रँडाइस विद्यापीठात डोरोथी कर्न यांच्या गटाने २०१५ मध्ये यासाठी एक विलक्षण मार्ग धरला. आजच्या कायनेजांच्या क्रमांवरून त्यांच्या लुप्त झालेल्या पूर्वजांचे क्रम अंदाजले, ती प्रथिनं प्रयोगशाळेत बनवली आणि औषधाची पकड कोणत्या बदलांनी वाढत गेली ते पाहिलं. त्यांच्या मते निर्णायक पायरी औषध आत बसल्यानंतरची आहे. एबल त्याच्याभोवती आणखी आवळून घेतं आणि मग सहज सोडत नाही, सार्क तितकं आवळत नाही. स्फटिकाच्या एका चित्रात ही हालचाल दिसणं शक्यच नव्हतं.

पण त्याच चित्राने जे दिलं तेही लहान नाही. २००१ मध्ये, औषधाला मान्यता मिळाली त्याच वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने औषध चालेनासं झालेल्या रुग्णांचं बीसीआर-एबल तपासलं. काहींत ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं होतं. डीएनएत एका अक्षराचा फरक. चित्र हाताशी होतं म्हणून कारण लगेच उमगलं. थ्रिओनिनचा हायड्रोजन बंध गेला, आणि आयसोल्युसिनचा बाजूला निघालेला जाड हात औषधाच्या वाटेत आला. खोल पोकळीच्या तोंडाशी असल्यामुळे या जागेला गेटकीपर म्हणतात. डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही पुढची औषधं इतर अनेक बदलांवर चालली, या एकावर नाही. मग चित्र पाहून पोनॅटिनिब घडवलं गेलं. त्याच्या मधोमध कार्बन-कार्बनचा तिहेरी बंध आहे, सरळ आणि सडपातळ, आयसोल्युसिनला न अडखळता बाजूने जाणारा. २०१२ मध्ये ते बाजारात आलं. मुलांच्या मनातली ती समजूत इथे खरी ठरते, आणि ती खरी ठरायला आधी कुणीतरी न पाहता बनवलेलं औषध लागलं.

इमॅटिनिबच्या कथेत आणखी एक स्फटिक आहे आणि त्याने आपल्याकडे मोठा वाद घडवला. इमॅटिनिबच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा या स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने, म्हणजे सीबा-गायगीच्या विलीनीकरणातून झालेल्या कंपनीने, भारतात पेटंट मागितलं होतं. त्या काळात नोव्हार्टिसच्या ग्लिवेकचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता आणि भारतीय कंपन्यांच्या औषधाचा ८,००० ते १०,०००. या मागणीला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज नाकारला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने, तो नकार कायम केला. जुन्या द्रव्याचं नवं रूप रुग्णावर अधिक परिणामकारक असल्याचं दाखवा, मगच पेटंट, असा आपल्या कायद्याच्या ३(ड) कलमाचा अर्थ त्यांनी लावला. मला हा निकाल न्याय्य वाटतो, आणि त्याचं रासायनिक कारणही माझ्यापाशी आहे. बीटा रूप म्हणजे गोळीतल्या भुकटीत रेणू एकमेकांशी कसे रचले आहेत ते. पोटात गोळी विरघळली की ती रचना मोडते. एबलच्या फटीत पोचतो तो सुटा, एकटा रेणू, आणि तो कुठल्या रूपातून आला याचा तिथे मागमूस उरत नाही. आत्याची गोळी भारतात बनलेली आहे आणि ती परवडते.

अलीकडे मी वर्गात एक नवं चित्र दाखवू लागले आहे. निरोगी एबल स्वतःला गप्प कसं ठेवतं, हे २००३ मध्ये कळलं. त्याच्या साखळीच्या सुरुवातीला मायरिस्टिक आम्लाचं एक तेलकट टोक जोडलेलं असतं. ते वळून खालच्या भागातल्या एका छोट्या कप्प्यात शिरतं. तिथली शेवटची सर्पिल त्यामुळे वाकते, शेजारचे भाग येऊन पाठीला टेकतात आणि प्रथिन आवरलं जातं. बीसीआरशी जोड होताना साखळीची नेमकी ही सुरुवातच कापली जाते. आवरणारं टोक गेलं, कप्पा मात्र रिकामा राहिला. ॲसिमिनिब हे औषध त्या रिकाम्या कप्प्यात बसतं. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. एटीपीच्या फटीपासून ते दूर असल्यामुळे दोन औषधं एकाच वेळी एकाच एबलमध्ये बसू शकतात. निलोटिनिब वरच्या फटीत आणि ॲसिमिनिब खालच्या कप्प्यात, अशी रचनाही डेटा बँकेत आहे. मुलांना मी आधी सर्पिल शोधायला सांगते. ती वाकलेली आहे, हे त्यांनाच आधी दिसतं. मग ती विचारतात की तिला वाकवणारं टोक कुठे गेलं, आणि मी फिलाडेल्फियापासून सांगायला सुरुवात करते.